उत्पन्नातील विषमता आणि ऊर्ध्वगतीची शक्यता : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या आधारे एक विवेचन

१. दोन प्रश्नांतील भेद

उत्पन्नातील विषमता आणि कुटुंबांची ऊर्ध्वगती हे दोन प्रश्न चर्चेत बहुधा एकत्र येतात व परस्परांत मिसळून जातात. विषमता म्हणजे एखाद्या विशिष्ट काळी समाजातील उत्पन्नाची विभागणी किती असमान आहे, ह्याचे मोजमाप होय. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी ह्यांनी १९१२ साली मांडलेला गुणक त्यासाठी आजही सर्वत्र वापरला जातो. ऊर्ध्वगतीची कल्पना मात्र कालसापेक्ष आहे. बापाचे स्थान आणि मुलाचे स्थान ह्यांची तुलना केल्याविना तिचा निर्णय होऊ शकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका पाहणीतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास एक पिढी उलटावी लागते.

हा भेद एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गावात पाच कुटुंबे असून त्यांचे वार्षिक उत्पन्न अनुक्रमे ४०, ६०, ८०, १२० व २०० हजार रुपये आहे, असे समजू. पुढील पिढीत, किमती स्थिर धरल्या असता, प्रत्येकाचे उत्पन्न दुप्पट झाले. सर्वांत खालच्या कुटुंबातील मुलगा बापापेक्षा दुप्पट सुस्थितीत आहे. ह्या अर्थाने त्याची निरपेक्ष उन्नती झाली. परंतु वरच्या व खालच्या कुटुंबांतील पाच पटींचे प्रमाण तसेच राहिले, आणि मुलाचा क्रम पाचवा तो पाचवाच राहिला. ह्याउलट दुसऱ्या गावात उत्पन्नाचे पाचही आकडे पूर्वीचेच राहिले, पण पाचव्या क्रमांकाच्या घरातील मुलगी दुसऱ्या क्रमांकावर आली, तर तेथे विषमता रतिभरही न घटता सापेक्ष ऊर्ध्वगती घडून आली असे होते.

निरपेक्ष उन्नती झाली असता सापेक्ष क्रमाची चिंता कशाला, असा आक्षेप येथे घेतला जातो. अन्न, वस्त्र, औषधोपचार ह्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परंतु ज्या वस्तूंचा पुरवठा मर्यादित असतो, त्या सापेक्ष क्रमानेच वाटल्या जातात. कालव्याखालील जमीन वाढत नाही, हमरस्त्यालगतचा गाळा वाढत नाही, नोकरभरतीतील जागाही मागणीबरोबर वाढत नाहीत. अशा वस्तूंच्या स्पर्धेत पाचव्या क्रमांकाचे कुटुंब दुप्पट उत्पन्नानंतरही पाचवेच राहते. पुढच्या पिढीचे उत्पन्न ह्याच वस्तूंवर ठरत असल्याने विषमता आणि ऊर्ध्वगती ह्यांचा संबंध येथे जडतो.

देशादेशांची तुलना केली असता ज्या देशांत विषमता अधिक तेथे बापाच्या उत्पन्नाची छाया मुलाच्या उत्पन्नावर अधिक गडद पडते, असा संबंध कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ माइल्स कोराक ह्यांच्या आकडेवारीतून दिसून आला. अमेरिकेतील अॅलन क्रूगर ह्यांनी २०१२ साली त्यास ‘ग्रेट गॅट्सबी वक्ररेषा’ असे नाव दिले. त्या रेषेवर डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड हे देश एका टोकाकडे, तर अमेरिका, ब्रिटन व इटली हे दुसऱ्या बाजूस आहेत. मात्र ही वक्ररेषा केवळ सहसंबंध दाखविते. विषमता कोणत्या मार्गाने मुलांच्या संधीपर्यंत पोहोचते, हे ती सांगत नाही. तो मार्ग शोधावयाचा तर लहान प्रदेश घेऊन त्यातील जमीन, पाणी, पत व मजुरी ह्यांची रचना तपासली पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके अशा तपासणीस विशेष सोयीचे आहेत.

२. तीन पट्टे

पश्चिमेस सह्याद्रीचा माथा व पूर्वेस पठार, असा ह्या दोन्ही तालुक्यांचा उतार आहे. घाटमाथ्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि काही मैल पूर्वेकडे गेल्यावर तोच पाचशे-सातशे मिलिमीटरवर येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नरची लोकसंख्या सुमारे चार लाख व आंबेगावची सुमारे दोन लाख छत्तीस हजार होती. त्यांपैकी साधारण एक-पंचमांश लोक अनुसूचित जमातींचे असून महादेव कोळी, ठाकर व कातकरी हे त्यांतील प्रमुख समाज होत. त्यांची वस्ती मुख्यतः पश्चिम भागात आहे. तेथील गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी, वरई ही पावसाळी पिके येतात. दिवाळीच्या सुमारास भात खळ्यावर येते, आणि त्यानंतर बहुतेक शेते पुढील पावसापर्यंत मोकळी असतात. मधला पट्टा पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरला आहे. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही त्यावरील बाजारगावे होत. द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस आणि भाजीपाला ह्यांची बागायत ह्या पट्ट्यात आहे. विघ्नहर व भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने उसाला आधार देतात. पूर्वेकडील व पठारावरील गावांत जेथे कालव्याचे पाणी पोहोचले तेथे बागायत आणि जेथे पोहोचले नाही तेथे जिराईत, असे मिश्र चित्र आहे. आंबेगावातील सातगाव पठार हे खरिपातील बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे.

तात्पर्य, पाऊस जेथे सर्वाधिक पडतो तेथे उत्पन्न सर्वांत कमी आणि पाऊस जेथे बेताचा तेथे उत्पन्न अधिक, असे उलटे नाते येथे आढळते. ह्याचे कारण निसर्गात पूर्णतः सापडत नाही. पडलेले पाणी कोठे साठवले जाते आणि कोणाच्या शेतात सोडले जाते, ह्यावर ते अवलंबून आहे.

३. पाणी : अंतर वाढविणारा घटक

कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे येतात. त्यांपैकी डिंभे हे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. इतर चार जुन्नर तालुक्यात आहेत. ह्या धरणांच्या पाण्याचा लाभ जुन्नर, आंबेगाव व शिरूरबरोबरच पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा येथपर्यंत पोहोचतो. अवर्षणप्रवण प्रदेशाला मिळालेला हा लाभ मोठा आहे, ह्यात शंका नाही. परंतु पाण्याचा प्रवाह उताराने जातो, आणि जलाशयाच्या वरच्या अंगास असलेल्या गावांना कालव्याचे पाणी मिळत नाही. ते उपसूनच घ्यावे लागते. त्यासाठी पंप, वीज व परवाना लागतो.

डिंभे धरणात ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांत मूळ आंबेगाव हे गावही होते. आज तालुक्याचे नाव तेवढे उरले असून कारभार घोडेगावातून चालतो. विस्थापितांना लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात होती. तथापि भरपाईच्या रकमेतील ठरावीक मोठा हिस्सा शासनाकडे भरल्याशिवाय ती जमीन मिळत नसे. ज्या कुटुंबाची भरपाईच अल्प आणि तीही घरखर्चात व देण्यात संपलेली, त्याला ही अट पुरी करणे दुर्घट होते. अशा रीतीने ज्याच्याजवळ थोडी शिल्लक होती त्याला बागायतीत प्रवेश मिळाला; ज्याच्याजवळ नव्हती तो उरलेल्या वरकस जमिनीवर किंवा जलाशयाच्या काठी राहिला. कायदा सर्वांना सारखा असूनही त्याचा लाभ आधीच्या विषमतेच्या प्रमाणात वाटला गेला, ही बाब अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

जमिनीची विभागणी हा दुसरा घटक होय. हॅरल्ड मॅन ह्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर ह्या गावाच्या पाहणीत, सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे दाखविले होते. हे गाव हवेली तालुक्यातील असून आज ते पिंपरी-चिंचवड शहराचा भाग झाले आहे. तेथे जमिनीचे तुकडे झाले, तरी शहर जवळ आल्याने त्या तुकड्यांना भाव आला. भीमाशंकरच्या डोंगरउतारावरील तुकड्याला असा भाव येत नाही; अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन हस्तांतरणाच्या निर्बंधांमुळे सुरक्षित राहते, पण त्याच कारणाने ती तारण म्हणून पतही फारशी मिळवून देत नाही.

४. पत व सावकारी

उत्पन्न कमी असणे आणि उत्पन्न हंगामी असणे ह्यांत फरक आहे. भात संपल्यावर ज्येष्ठ-आषाढात घरात दाणा नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी पेरणीला बी हवे असते. ह्या पोकळीत सावकार शिरला. १८७३ ते १८७६ ह्या काळात होन्या केंगले ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या डोंगराळ भागातील कोळ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याच सुमारास, १८७५ साली, पुणे व नगर जिल्ह्यांच्या मैदानी भागात कुणब्यांचे दंगे झाले आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. डोंगरात व मैदानात जात, पीक व पाऊस भिन्न असूनही गाऱ्हाणे एकच होते : कर्जापायी जमीन जाते, आणि जमीन गेली की पुढच्या पिढीचा मार्ग बंद होतो.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी पतसंस्था, जिल्हा बँक व साखर कारखाने ह्यांनी मधल्या पट्ट्यातील शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून बव्हंशी सोडविले. ऊस हे पीक कारखान्याकडे नोंदले जात असल्याने त्यावर कर्ज मिळते. भात-नाचणीवर तसे मिळत नाही. पश्चिम पट्ट्यासाठी १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज व वनोपजाची खरेदी अशा व्यवस्था झाल्या. ह्या भागातील प्रमुख वनोपज हिरडा होय. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडून, वाळवून विकला जातो, आणि पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा अनेक घरांत त्यातूनच येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची पुष्कळ झाडे मोडली. हिरड्याचे झाड उभे राहण्यास वर्षानुवर्षे लागतात. म्हणजे एका दिवसाच्या वाऱ्याने उत्पन्नाबरोबर मालमत्ताही नेली.

५. मजुरी आणि मालमत्ता

भाताचा हंगाम आटोपला की पश्चिमेकडील कुटुंबे खाली उतरतात. नारायणगाव व आसपासच्या गावांत टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागवड, द्राक्षबागांतील कामे ह्यांसाठी मजुरांची मोठी मागणी असते. नारायणगावच्या मजूरबाजारात सकाळी मजूर उभे राहतात आणि शेतकरी दर ठरवून त्यांना गाडीतून नेतात. रोजंदारीवर अथवा उक्ते अशा दोन्ही पद्धतींनी काम चालते. जुन्नर-आंबेगावबरोबरच अकोले तालुक्यातील मजूरही येथे येतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

बागायतीच्या पट्ट्याने डोंगरातील माणसाला रोजगार दिला, हे सत्य नाकारता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मजुरीला एक तळ मिळवून दिला, आणि बागायतीच्या मागणीने ती त्या तळावर उचलून धरली. मजुराच्या घरी पूर्वीपेक्षा अन्न, कपडा, भांडी अधिक आहेत. ही निरपेक्ष उन्नती होय. पण सापेक्ष ऊर्ध्वगतीच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे : ह्या वर्षीची मजुरी पुढील वर्षी मालमत्तेचे रूप घेते काय? मजुरी पावसाळ्यातील उधारी, आजार व लग्नकार्य ह्यांत जाते. ज्या जमिनीवर राबून ती मिळते त्या जमिनीची किंमत मात्र मजुरीपेक्षा वेगाने वाढते. मजुराच्या श्रमाने जी बाग उभी राहते ती दुसऱ्याच्या वारसाला मिळते. विषमता ऊर्ध्वगतीला कोणत्या मार्गाने अडविते, ह्याचे उत्तर ह्या ठिकाणी सापडते.

नशिबाची बाबही ह्याच रचनेत बसते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला आणि काही शेतकऱ्यांना एका पिकात आयुष्यभराची कमाई झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच भाव कोसळले. वर्तमानपत्रांनी पहिल्या घटनेची वर्णने दिली, आणि त्यांतून कोणीही शेतकरी एका हंगामात वर जाऊ शकतो असा समज पसरला. वस्तुतः टोमॅटोला बांबू, तार, सुतळी, ठिबक, औषधे आणि मजुरी असा मोठा आगाऊ खर्च लागतो. सलग दोन हंगाम तोटा सोसून तिसऱ्यांदा लागवड करू शकणाराच भावाच्या दिवशी बाजारात हजर असतो. योगायोग सर्वांना सारखा असला तरी योगायोगाची वाट पाहण्याची ऐपत सारखी नसते.

६. बाहेर जाण्याचे मार्ग

जमिनीने वाट दिली नाही तेव्हा ह्या तालुक्यांतील लोकांनी ती शहरात शोधली. मुंबईतील डबेवाल्यांची व्यवस्था हे त्याचे सर्वांत ख्यातनाम उदाहरण होय. महादू हावजी बच्चे ह्यांनी १८९० साली ती सुरू केली असे मानले जाते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले ह्या तालुक्यांतून तिचे बहुतेक सभासद आले. एका गटातील उत्पन्न सभासदांत सारखे वाटून घेतले जाते, आणि नवा सभासद बहुधा नात्यातून वा गावातून येतो. ह्या पद्धतीत अंतर्गत विषमता अत्यल्प आहे. परंतु त्याचबरोबर वीस वर्षे डबे वाहणाऱ्याचे उत्पन्न नव्या माणसाहून फारसे अधिक नसते, आणि ज्याचा नातलग आत नाही त्याला प्रवेश दुर्मिळ असतो. समता आहे, गती नाही. आधार आहे, पण तो ओळखीच्या वर्तुळापुरता. २०२० च्या महासाथीत कार्यालये बंद पडताच हा आधारही ढासळला आणि पुष्कळ डबेवाले गावी परतले. विषमता कमी असणे हे ऊर्ध्वगती असण्याचे पुरेसे प्रमाण नव्हे, हे पहिल्या भागातील तत्त्व ह्या उदाहरणाने पडताळून पाहता येते.

दुसरा मार्ग शिक्षणाचा. सॅम आशर, पॉल नोवोसाद व चार्ली रॅफकिन ह्यांनी भारतातील पिढ्यांमधील शैक्षणिक चलनशीलतेचा अभ्यास केला आहे. त्यात एकूण ऊर्ध्वगती दीर्घकाळ जवळपास स्थिर दिसते. अनुसूचित जाती-जमातींची वाढली, तर मुसलमानांची घटली. ह्या दोन तालुक्यांत शासकीय आश्रमशाळा, वसतिगृहे, आरक्षित जागा आणि घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय ह्या संस्थांनी महादेव कोळी समाजात शिक्षक, तलाठी, पोलीस, परिचारिका अशी एक पिढी घडविण्यास हातभार लावला. मात्र उच्च शिक्षणाची महाविद्यालये मंचर, नारायणगाव, ओतूर, जुन्नर, घोडेगाव अशी बाजाराच्या व कचेरीच्या गावी आहेत. घरात पहिला पगार आला की धाकट्या भावंडांचे शिक्षण, आजारपणातील खर्च व कर्जाची फेड हे तिन्ही प्रश्न एकदम सुलभ होतात. म्हणून डोंगराळ गावात कुटुंबाकुटुंबांतील अंतर आता जमिनीपेक्षा ‘घरात नोकरी आहे की नाही’ ह्यावर अधिक पडू लागले आहे. कातकरी समाजाकडे बहुधा जमीन नाही, आणि शाळेत टिकण्याइतके एका जागचे वास्तव्यही नाही. त्यामुळे ‘अनुसूचित जमाती’ ह्या एकाच रकान्यात दोन अगदी भिन्न गती झाकल्या जातात.

तिसरा मार्ग चाकणच्या कारखान्यांचा. तेथील कंत्राटी नोकरी शेतमजुरीहून अधिक रोकड देते. परंतु कंत्राट संपताच कामगार पुन्हा मूळ पायरीवर येऊ शकतो.

७. जागेवरील मार्ग

गाव न सोडता मालमत्ता उभी करण्याचे प्रयत्नही येथे झाले आहेत. उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढण्याची ‘पडकई’ ही जुनी सामुदायिक श्रमाची पद्धत होती. शाश्वत ह्या संस्थेने तिचे पुनरुज्जीवन केले आणि पुढे रोजगार हमीशी तिची सांगड घातली गेली. डिंभे जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन विस्थापितांनी कसणे, त्यांची मच्छिमार सहकारी संस्था स्थापन होणे, हेही त्याच दिशेचे प्रयत्न होत. ह्या कामांचे उत्पन्न मोठे नाही. त्यांचे महत्त्व असे की, येथे मजुरीचा दिवस संपल्यावर खाचर मागे उरते, आणि ते मजुराच्याच मुलांना मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचे मोलही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

८. मोजमापाचा प्रश्न

हे सर्व आकड्यांनी सिद्ध करणे कठीण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत बहुधा उत्पन्न विचारले जात नाही, खर्च विचारला जातो. तिचा नमुना तालुक्याच्या पातळीवर अनुमान काढण्याइतका मोठा नसतो. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने तो मार्गही बंद आहे. परंतु ऊर्ध्वगतीच्या अभ्यासास उपयोगी अशी साधने गावातच असतात. सातबारा व फेरफार ह्यांतून जमिनीचे तीन पिढ्यांचे हस्तांतर कळते. शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीतून मुलांची शाळागळती व स्थलांतर उमगते. डिंभ्याच्या वरील एक गाव आणि कालव्याखालील एक गाव अशी जोडी निवडून त्यांतील कुटुंबांचा मागोवा घेता येईल. असा अभ्यास करताना दोन दोष टाळले पाहिजेत. गाव सोडून गेलेल्यांना वगळले तर ज्यांची गती सर्वाधिक तेच निसटतात. आणि केवळ बाप व मुलगा ह्यांची तुलना केली, तर लग्नानंतर सासरी गेलेल्या मुली, म्हणजे जवळजवळ निम्मी पिढी, हिशेबाबाहेर राहते.

जुन्नर व आंबेगावचे सरासरी उत्पन्न गेल्या अर्धशतकात निःसंशय वाढले. त्या वाढीतून डोंगराकडच्या माणसाला काम मिळाले. पाणी, पत व जमीन ह्यांत मात्र वाटा क्वचितच मिळाला. ज्याला तो पगारातून वा खाचरातून मिळाला त्याचे कुटुंब वर सरकले. तेव्हा ह्या प्रदेशातील कोणत्याही योजनेची परीक्षा करताना तिने किती दिवसांची मजुरी दिली, एवढे विचारून थांबता येत नाही. त्या मजुरीतून मजुराच्या मुलांच्या नावे काय मागे राहिले, हेही विचारावे लागते.